मासळीची गाडी पोलादपूरला का थांबत नाही?

मुंबई-गोवा महामार्गावर पोलादपूरच्या नाक्यावरून मासळीच्या गाड्या जातात. त्या ओळखायला पाटी वाचावी लागत नाही. मागच्या फळीखालून पाणी ठिबकत असते, डांबरावर ओली रेघ उमटते आणि गाडी दिसेनाशी झाली तरी खारट वास काही क्षण रेंगाळतो. आत बर्फात रचलेली सुरमई, बांगडा, कोळंबी मुंबईच्या वाटेला लागलेली असते. त्याच दिवशी पुण्यातल्या एखाद्या घरात फोनवर चार वेळा बोट टेकवले की साफ करून कापलेली सुरमई थोड्या वेळात दारात येते. पुणे सह्याद्रीच्या पलीकडे. महाड आणि पोलादपूर मात्र सावित्रीच्या काठावर. ही नदी महाबळेश्वरच्या डोंगरातून उतरते, या दोन्ही गावांना वळसा घालून बाणकोट-हरिहरेश्वराजवळ समुद्राला मिळते. एके काळी भरतीच्या पाण्यावर महाडपर्यंत गलबते येत. मग समुद्राजवळच्या गावातून मासळी पुढे निघून जाते आणि लांबच्या शहरात दारात पोहोचते, हे कसे?

या कोड्याचे उत्तर अंतरात सापडत नाही. गाडी थांबत नाही, कारण आतला माल सुटतानाच कुणाच्या तरी नावावर लागलेला असतो. मासळीच्या धंद्यात वस्तूच्या आधी मागणीची बातमी पोहोचली तर सगळे गणित पालटते, आणि ऑनलाइन विक्रीने नेमके हेच केले आहे. आधी माल घेऊन मग गिऱ्हाईक शोधण्याऐवजी आधी गिऱ्हाईक पक्के करून मग माल घेता येऊ लागला. हा बदल महाड-पोलादपूरसारख्या किनारा नसलेल्या तालुक्यांच्या भल्याचा ठरू शकतो. पण त्यासाठी एक अट आहे: गिऱ्हाइकांची यादी इथल्या मासे विकणाऱ्या बाईच्या हातात राहिली पाहिजे. ही अट का, ते समजण्यासाठी बंदरापासून सुरुवात करावी लागेल.

बंदरापासून पाटीपर्यंत

श्रीवर्धनच्या जीवना बंदरात किंवा दापोली तालुक्यातल्या हर्णैला नौका लागली की जाळ्यातला माल जातीनुसार आणि आकारानुसार वेगळा होतो आणि त्याचा लिलाव पुकारला जातो. व्यापारी बोली लावतात, माल उचलतात, बर्फ मारतात, टेम्पो भरतात. मोठ्या मालाची वाट मुंबईच्या घाऊक बाजाराकडे किंवा निर्यात करणाऱ्या कारखान्याकडे जाते. उरलेला माल तालुक्याच्या बाजारात येतो. तिथे मासे विकणाऱ्या बाया तो किलोवर किंवा पाटीवर घेतात आणि बाजारात वाटे मांडतात किंवा दारोदार फिरतात. या साखळीत चार-पाच हात लागतात आणि प्रत्येक हाताला किलोमागे काहीतरी सुटावे लागते. त्यामुळे मधले हात म्हणजे नुसती गळती, असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटते.

प्रत्यक्षात त्या हातांकडे पाच कामे आहेत. भाव ठरवणे, प्रतवारी करणे, पैशाची सोय करणे, माल थंड ठेवून हलवणे आणि 'मासा ताजा आहे' याची हमी देणे. याखेरीज सहावी गोष्ट त्यांच्या डोक्यावर असते, ती म्हणजे जोखीम. सकाळी पाटी भरताना संध्याकाळी कोण काय खाणार हे विकणाऱ्या बाईला ठाऊक नसते. किती पाने उठणार याचा पत्ता नसताना आचाऱ्याने पंगतीचा स्वयंपाक करावा, तशी ही गत आहे. कमी पडले तर गिऱ्हाईक नाराज होते आणि उरले तर माल अंगावर पडतो. भात उरला तर सकाळी फोडणी देता येते. मासळी मात्र तासागणिक उतरते, म्हणून संध्याकाळी भाव पाडून ती विकावी लागते किंवा मीठ लावावे लागते.

ही जोखीम किती महाग पडते, ते एका काल्पनिक हिशोबात पाहू. समजा, एका विक्रेतीने २० किलो बांगडा २०० रुपये किलोने घेतला. गुंतवणूक झाली ४,००० रुपये. तिने २६० रुपयांनी १६ किलो विकला आणि ४ किलो वाया गेला. हातात आले ४,१६० रुपये. बर्फ, प्रवास आणि दिवसभराच्या श्रमासाठी उरले फक्त १६०. आता समजा, आदल्या रात्री फोनवर १६ किलोची मागणी पक्की झाली होती. तिने तेवढाच माल ३,२०० रुपयांना घेतला आणि गिऱ्हाइकाला २० रुपये स्वस्त, म्हणजे २४० ने दिला. आले ३,८४० रुपये, उरले ६४०. गिऱ्हाइकाला मासा स्वस्त मिळाला, तिची मिळकत चौपट झाली आणि चार किलो मासळी सडली नाही. यात कुणाच्या तोंडचा घास काढून घेतलेला नाही. फायदा आला तो वाया जाणाऱ्या मालातून.

फोन आला तेव्हा केरळात काय घडले

हे केवळ कागदावरचे गणित नाही, याला चांगला पुरावा आहे. १९९७ ते २००१ या काळात केरळच्या उत्तर किनाऱ्यावर टप्प्याटप्प्याने मोबाइल सेवा आली. रॉबर्ट जेन्सन या अर्थतज्ज्ञाने तिथल्या तारलीच्या बाजाराचा अभ्यास करून २००७ मध्ये तो प्रसिद्ध केला. फोन येण्याआधी एका किनाऱ्यावर माल इतका येई की घेणारा नसल्याने तो टाकून द्यावा लागे आणि त्याच वेळी काही किलोमीटरवरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर व्यापारी रिकाम्या हाताने परतत. पकडलेल्या मासळीपैकी पाच ते आठ टक्के अशी वाया जात होती. फोन आल्यावर नाखवे समुद्रातूनच भाव विचारू लागले आणि जिथे मागणी तिथे नौका लावू लागले. नासाडी जवळपास थांबली, मच्छीमारांचा नफा सरासरी आठ टक्के वाढला आणि गिऱ्हाइकाला मोजावा लागणारा भाव चार टक्क्यांनी उतरला.

तेव्हा फोन फक्त बोलण्यापुरता होता. पुढचे पाऊल म्हणजे त्याच फोनवर मागणी नोंदवणे, पैसे भरणे आणि माल कुठवर आला ते पाहणे. २०१५ मध्ये बेंगळुरूत लिशियस आणि फ्रेश टू होम या कंपन्या सुरू झाल्या आणि मोठ्या शहरांत घरपोच मासळीची सवय रुजू लागली. कॅप्टन फ्रेशसारख्या कंपन्यांनी दुसरा मार्ग धरला: घरगुती गिऱ्हाइकाऐवजी दुकानदार आणि घाऊक खरेदीदार यांना बंदराशी जोडणे. तिसरा मार्ग सर्वांत साधा, व्हॉट्सअ‍ॅपवरचा गट. २०२० च्या टाळेबंदीत बाजार बंद पडले तेव्हा या मार्गाने वेग घेतला. 'आजचा माल' म्हणून फोटो टाकायचा, भाव लिहायचा आणि खाली नावे येऊ द्यायची. यात कंपनी नाही, गोदाम नाही, जाहिरात नाही. तरीही हीसुद्धा ऑनलाइन विक्रीच आहे, आणि महाड-पोलादपूरच्या दृष्टीने तिन्हींत हीच महत्त्वाची आहे.

बातमी फोनवरून जाते, मासा बर्फातूनच जातो

असे असेल तर शहरातले अ‍ॅप पोलादपूरच्या वाड्यांपर्यंत का येत नाही? याचे उत्तर बर्फात आणि रस्त्यात आहे. मासा मेल्यावर त्याच्या अंगावरचे आणि पोटातले जिवाणू कामाला लागतात आणि त्यांचा वेग तापमानावर ठरतो. मासळीच्या अभ्यासकांचा एक ठोकताळा आहे: शून्य अंशावर मासा ज्या गतीने बिघडतो, त्याच्या सव्वादोन पट गतीने तो पाच अंशांवर आणि चौपट गतीने दहा अंशांवर बिघडतो. म्हणजे बर्फात आठ दिवस टिकणारा मासा दहा अंशांवर दोनच दिवस टिकेल. नुसता गारवा पुरेसा नाही. मासा बर्फाला चिकटून राहावा लागतो.

बर्फाचे सामर्थ्य त्याच्या वितळण्यात आहे. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढ्या उष्णतेत शून्य अंशाचे एक लिटर पाणी ८० अंशांपर्यंत तापले असते. तीस अंशांवरची दहा किलो मासळी शून्यावर आणायला हिशोबाने साधारण सव्वातीन किलो बर्फ लागतो. पण पेटीच्या भिंतीतून उष्णता आत शिरत राहते, झाकण उघडले की गारवा निसटतो, म्हणून आपल्या हवामानात जेवढा माल तेवढा बर्फ घ्यावा असा नियम सांगितला जातो. सावित्रीच्या खोऱ्यातला एप्रिल-मेचा उकाडा लक्षात घेतला तर तोही कधी अपुरा पडतो. गाडीखालून ठिबकणारे ते पाणी हा या लढाईचा हिशोब आहे. पाणी ठिबकते आहे, म्हणजे बर्फ उष्णता झेलतो आहे.

आता रस्त्याचा हिशोब. समजा, घरपोच माल देणाऱ्या मुलाचा दिवसाचा खर्च ५०० रुपये आहे. शहरात दोन-तीन किलोमीटरच्या आत तो २५ घरे करतो, म्हणजे घरामागे २० रुपये पडतात. उमरठ, कापडे किंवा रायगडाच्या पायथ्याच्या वाड्यांना वळणे घेत जाताना त्याची पाचच घरे झाली तर घरामागे १०० रुपये पडतील आणि पेट्रोल वेगळे. २०११ च्या जनगणनेत पुणे शहराची वस्ती ३१ लाखांवर होती, तर सबंध पोलादपूर तालुक्याची अर्ध्या लाखाच्या आतच. गर्दीच्या जोरावर उभा राहिलेला शहरी धंदा इथे जसाच्या तसा तगणार नाही, हे उघड आहे.

मात्र इथे शहरात नसलेली एक सोय आहे, ती म्हणजे वार. कोकणातल्या बहुसंख्य घरांत सोमवार, गुरुवार, शनिवार पाळले जातात आणि मासळी प्रामुख्याने बुधवार, शुक्रवार, रविवारी शिजते. संकष्टी आणि श्रावण पंचांगात आधीच छापलेले असतात. मागणी अशी ठरावीक दिवशी एकवटत असेल तर रोज घरोघर धावण्याची गरज नाही. दुधाच्या गाडीसारखा आठवड्यातून तीन दिवस ठरलेला मार्ग, बिरवाडीच्या औद्योगिक वसाहतीजवळ एक थांबा, महाडला एक, पोलादपूरच्या स्टँडवर एक, आणि गिऱ्हाइकाने थांब्यावर येऊन नाव सांगून पिशवी न्यायची. आदल्या रात्री नावे आली असतील तर गाडी भरलेली येईल आणि रिकामी जाईल. अ‍ॅपवाल्याला घनता लोकसंख्येतून मिळते, तालुक्याला ती वारांतून मिळवता येईल.

'आता दलाल संपला' हे खरे का?

ऑनलाइन विक्रीबद्दल पहिला दावा असा केला जातो की मधला माणूस गेला, आता मच्छीमार आणि खाणारा थेट जोडले जातील. हे पटण्यासारखे नाही. वर सांगितलेली पाच कामे फोनमुळे नाहीशी होत नाहीत. कुणीतरी प्रतवारी करणार, कुणीतरी बर्फ मारणार, कुणीतरी हमी देणार. अ‍ॅप हा त्याच कामांचा नवा ठेकेदार आहे. त्यातही पैशाचे काम सर्वांत चिवट. नौका समुद्रात जाण्याआधी डिझेल, बर्फ, जाळी आणि खलाशांचा शिधा यांचा खर्च येतो. तो बऱ्याचदा व्यापाऱ्याकडून उचल घेऊन भागवला जातो आणि बदल्यात माल त्यालाच द्यायचा असतो. केरळच्या अभ्यासावर पुढे काही संशोधकांनी हाच आक्षेप घेतला. उचलीने बांधलेल्या मच्छीमाराला शेजारच्या बंदरात चांगला भाव आहे हे कळले, तरी तो माल तिकडे नेऊ शकत नाही. बातमी मोकळी झाली, पण हात बांधलेलेच राहिले.

हा आक्षेप रास्त आहे. तो फोनचा उपयोग नाकारत नाही, त्याची मर्यादा दाखवतो. फोन बातमीतली असमानता मिटवतो, पण भांडवलातली नाही. म्हणून सहकारी संस्थांचे आणि बँकेचे खेळते भांडवल मच्छीमाराला आणि विक्रेतीला मिळाले तरच ऑनलाइनचा फायदा त्यांच्या पदरात पडेल. आणि जुन्या साखळीत सत्ता जशी उचल देणाऱ्याकडे होती, तशी नव्या साखळीत ती यादी बाळगणाऱ्याकडे जाते. कुठल्या घरात कोणत्या वारी काय लागते, कोणाला खवल्यांसकट हवे, कोण महिन्याअखेरीस पैसे देतो, ही माहिती आज विकणाऱ्या बाईच्या डोक्यात आहे. ती उद्या कंपनीच्या संगणकात गेली, तर बाई फक्त पिशवी पोहोचवणारी उरेल.

कल्ला न उघडता मासा कसा घ्यायचा?

दुसरा आक्षेप गिऱ्हाइकाचा. बाजारात मासा हातात घेता येतो. कल्ला उचलून लाली पाहता येते, डोळा फुगीर आहे की खोल गेला ते दिसते, बोट दाबले की खड्डा भरतो की तसाच राहतो ते कळते. फोटोत यातले काहीच नाही आणि फोटो कालचाही असू शकतो. शिवाय काही धोके नजरेलाही दिसत नाहीत. बांगडा आणि सुरमई उबदार राहिली तर त्यांच्यात हिस्टामाइन तयार होते. त्याने अंगावर चट्टे उठतात, डोके दुखते आणि मासा कितीही शिजवला तरी ते जात नाही. २०१८ मध्ये गोव्यात मासळीवरच्या फॉर्मेलीनचा प्रश्न पेटला, तेव्हाही डोळ्यांवरचा विश्वास डळमळला होता. अशी भेसळ घरच्या घरी ओळखता यावी म्हणून कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने कागदी पट्ट्यांची चाचणी तयार केली आहे.

या आक्षेपाचे उत्तर चांगल्या फोटोत नाही, ओळखीत आहे. बाजारात आपण कल्ला पाहतो तेव्हा खरे तर विकणारीचा शब्द तपासतो. वर्षानुवर्षे माल घेणारे गिऱ्हाईक बरेचदा कल्ला न पाहताच पाटीतला मासा उचलते. लांबच्या कंपनीला हा भरवसा छाप, वेष्टन आणि पैसे परत करण्याच्या नियमांतून विकत घ्यावा लागतो. गावच्या विक्रेतीकडे तो आधीच असतो. एकदा शिळा माल दिला तर पुढच्या बुधवारी तिलाच त्या दारासमोरून जायचे आहे. या कारणाने छोट्या गावात फोनवरची विक्री अनोळखी अ‍ॅपपेक्षा ओळखीच्या बाईकडून अधिक सुरक्षित असते.

चौकट: फोनवर मासळी मागवताना

• बंदर आणि दिवस विचारा: माल कुठल्या बंदराचा किंवा खाडीचा आणि कधी उतरलेला?
• वजन कोणते: साफ करण्याआधीचे की नंतरचे? डोके, पोट, खवले गेल्यावर वजन बरेच घटते.
• ताजा की गोठवलेला: गोठवलेला मासा वाईट नसतो, पण तो तसे सांगून विकला पाहिजे. वितळल्यावर पुन्हा गोठवू नये.
• पिशवी हातात येताच पाहा: मासा बर्फासारखा गार हवा. गार नसेल तर परत करा.

शहर सगळे ओढून नेईल का?

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. पुण्या-मुंबईचा भाव फोनवरून क्षणात जीवना बंदरात पोहोचला, तर चांगला माल तिकडेच जाईल, महाडला निवडून उरलेला येईल आणि तोही महाग. ही भीती खोटी नाही. बाजार जोडले गेले की भाव एकमेकांजवळ येतात, हेच केरळच्या अभ्यासातून दिसले. मोठे पापलेट आणि सुरमई यांबाबत पोलादपूरचे घर शहराशी स्पर्धा करू शकणार नाही. पण सगळा समुद्र पापलेटाचा नाही. अ‍ॅपला सारख्या आकाराचा, टिकाऊ, रोज मिळणारा मासा लागतो, कारण त्याच्या यादीत चित्र आणि किंमत आधीच छापलेली असते. जाळ्यात येते ते मिश्र म्हावरे. बोंबलाच्या अंगात जवळपास नव्वद टक्के पाणी असते. तो लांबच्या प्रवासात लिबलिबीत होतो आणि खर्च सोसण्याइतका महागही नसतो. मांदेली, छोटी कोळंबी आणि खाडीतली बोय यांचेही तसेच. श्रीवर्धनहून महाडला येणाऱ्याला हा माल ताजा आणता येतो, लांबच्या शहराला नाही. जवळ असण्याचा फायदा इथे आहे.

म्हणून तालुक्यातली विक्री अ‍ॅपची नक्कल करणारी नसावी. अमेरिकेतल्या मेन राज्यात पोर्ट क्लाइड इथे २००७ मध्ये मच्छीमारांनी वेगळी रीत सुरू केली. गिऱ्हाईक हंगामाचे पैसे आधी भरते आणि त्या आठवड्यात जाळ्यात जे येईल त्यातला वाटा नेते. आपल्याकडे 'वाटा' हा शब्द मासळीबाजाराचाच आहे, त्यामुळे ही कल्पना परकी वाटायचे कारण नाही. '३०० रुपयांचा आजचा वाटा' अशी नोंदणी झाली तर मिश्र मासळीला गिऱ्हाईक मिळेल. ताटात मावणाऱ्या छोट्या पापलेटाच्या हव्यासापायी पिल्ले पकडण्याचा दबावही कमी होईल. २०२३ मध्ये महाराष्ट्राने ५४ प्रजातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. तो नियम पाळला जायचा असेल तर खाणाऱ्याची मागणीही बदलावी लागेल.

खाडीच्या मासळीबाबत आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. महाडच्या रासायनिक उद्योगांमुळे सावित्रीच्या पाण्याविषयी लोकांच्या मनात शंका आहे. माल कुठल्या पाण्यातला हे संदेशात लिहिण्याची प्रथा पडली, तर स्वच्छ पाण्याची मागणी करणाऱ्यांत मच्छीमारांबरोबर गिऱ्हाईकही उभे राहील.

पावसाळा, पूर आणि सुकी मासळी

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. या काळात घराघरांत सुकट, सोडे, सुके बोंबील निघतात. ऑनलाइन विक्रीला सर्वांत सोपी वस्तू हीच आहे. तिला बर्फ लागत नाही, ती कागदात बांधून कुठेही पाठवता येते आणि मुंबईत राहणारी इथली माणसे तिची हक्काची गिऱ्हाइके आहेत. ताज्या मासळीत गावाकडे येणारी साखळी सुक्या मासळीत गावाकडून बाहेर जाऊ शकते. शिवाय जुलै २०२१ च्या पुरात महाड पाण्यात आणि अंधारात होते. विजेवर चालणारी शीतपेटी अशा वेळी निरुपयोगी ठरते. त्यामुळे इथली व्यवस्था एका मोठ्या शीतगृहावर टेकवण्यापेक्षा अनेक छोट्या पेट्यांत, उंचावरच्या बर्फाच्या सोयीत आणि सुक्या मालात विभागलेली बरी.

यादी कुणाच्या फोनमध्ये?

साधने नाहीत असे नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत बर्फपेटी बसवलेल्या दुचाकी, तीनचाकी आणि थंड ठेवणाऱ्या गाड्यांना अनुदान आहे. ते सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती व जमातींना ६० टक्के मिळते. २०२४ मध्ये केंद्राच्या मत्स्य विभागाने ओएनडीसी या खुल्या ऑनलाइन बाजारव्यवस्थेशी करार केला, त्यामुळे छोट्या संस्थेलाही स्वतःचे अ‍ॅप न बांधता माल मांडता येईल. पाच-सात विक्रेत्या बायांनी बचत गट करून एक बर्फपेटीची गाडी, एक वजनकाटा आणि सर्वांचा मिळून एक फोन क्रमांक ठेवला, तर या लेखातले गणित उद्यापासून करून पाहता येईल.

रात्री नऊला मागण्या बंद, साडेनऊला बंदरावर निरोप, पहाटे ठरलेला माल गाडीत आणि सकाळी पोलादपूरच्या स्टँडवर नावानिशी पिशव्या. इतके जमले तर गाडी थांबवण्यासाठी कुणाला हात दाखवावा लागणार नाही. तिच्यातल्या एका पेटीवर गावाचे नाव आधीच लिहिलेले असेल आणि ती पेटी उतरवून घेणारी बाई तीच असेल, जिला सकाळी पाटी भरताना आजवर संध्याकाळची धास्ती वाटत आली आहे.